नववीने राज्यघटना नामंजूर केली, त्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. दाजींनाही सांग. तुझं पत्र पोचलं. गुडघा आता बराच बरा आहे, जिना चढताना फक्त शेवटच्या पायरीला कळ येते, हे वाचून बरं वाटलं. पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि सगळे गुडघ्याबद्दल हळहळले. (माझा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचत नाही. त्याबद्दल या घरात अजून कोणी हळहळलेलं नाही. गुडघा हा खांद्यापेक्षा मानाचा अवयव असावा.) बाकी आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी भावजय ठीक आहे. तुझी लाडकी भाची नववीत आहे आणि जरा जास्तच ठीक आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. मीही ठीक आहे. माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही आणि हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू निवांतपणे वाचशील.

तो सरकारी आदेश तुमच्याकडच्या शाळांतही आला असेलच. यंदापासून प्रत्येक शाळेने देशाचे मूळ दस्तऐवज, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि ती लिहिताना सभेत झालेली चर्चा, मुलांना मुळातून शिकवायची. सारांश नको, गाइड नको. आता या शाळेत नागरिकशास्त्र कोण शिकवतं, हे तुला माहीत आहे. केस काळे होते तेव्हापासून मी शिकवतो. आठवड्याला एक तास, आणि तोही गणिताच्या बाई उसना मागून न्यायच्या, तो परत आल्याचं मला आठवत नाही. दातांची तपासणी माझ्या तासाला. संमेलनाची तालीम माझ्या तासाला. एकदा सभागृहातल्या खुर्च्या उचलायला मुलं हवी होती, तीही माझ्याच तासाची. मी कधी तक्रार केली नाही. (केली असेल तर ती लेखी नव्हती.) त्यामुळे आदेश आला तेव्हा मला वाटलं, आता आपले दिवस आले. शिक्षकांच्या बैठकीला मी तो राखाडी कोट घालून गेलो. तुला आवडत नाही तो.

मुख्याध्यापिका बाईंनी आदेश वाचला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी खाली बघायचं असतं, म्हणून मी खाली बघितलं, आणि मी खाली बघत असतानाच बाईंनी तो विषय खेळाच्या सरांना देऊन टाकला. कारण काय, तर सांडपाण्याच्या पाइपांसाठी मैदान खणून ठेवलंय, वर्षभर तिथे खेळ होणार नाही, तेव्हा सरांचे तास रिकामे आहेत. आणि मला दहावीचा इतिहास आहे, निकालाची जबाबदारी आहे, उगीच त्रास नको. ताई, माणसाला बाजूला सारायचं असलं की आधी त्याच्या त्रासाची काळजी करतात. माझी काहीच हरकत नाही, असं मी म्हणालो. ते अशा आवाजात म्हणालो की भिंतीलाही हरकत ऐकू यावी. पण बैठकीत चहा आला होता आणि सगळे कपांकडे वळले होते. खेळाचे सर तेवढ्यात उठून म्हणाले की मला यातलं काही येत नाही. सगळ्यांना तो विनय वाटला. ते शंभर टक्के खरं होतं, आणि ते खरं आहे हे ओळखणारा त्या खोलीत मी एकटा होतो.

या गृहस्थांना मी मनातल्या मनात शिट्टीमास्तर म्हणतो. (मनातल्या मनात. हे पत्र दाजींच्या चष्म्याजवळ ठेवू नकोस.) उंच, सडपातळ, पायात कायम बूट, गळ्यात कायम शिट्टी. दात इतके चांगले की हसले नाहीत तरी हसल्यासारखे दिसतात. नववीचा वर्ग आणि माझा दहावीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे, त्यामुळे त्यांचा पहिला तास मी नाइलाजाने ऐकला. (खुर्ची पार्टिशनला लावून बसलो होतो, कारण तिथे वारा येतो.) माणूस वर्गात गेला, बाकावर मुलांमध्ये बसला आणि म्हणाला, मीही हे कधी वाचलेलं नाही, वाचू या, अडलं की थांबू. मी मनात म्हटलं, बुडाला. शिक्षकाने आपल्याला येत नाही असं वर्गात सांगायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तर तो वर्ग पहिल्याच वाक्याला अडला आणि तास संपेपर्यंत त्याच वाक्याशी झटत बसला. घंटा झाली तरी कोणी उठेना. माझ्या तासाला मुलं घंटेच्या आधी उठतात. मी त्या वाक्यावर दरवर्षी सुबक टिपण देतो, ठळक मुद्द्यांसह, आणि ते मुलांना पाठही होतं. ते वाक्य कशाबद्दल आहे यावर भांडावं असं मात्र आजवर एकालाही वाटलेलं नाही.

आणि त्यांची ती कार्डं. न वाचता बोलला, पिवळं कार्ड. दुसऱ्याचं बोलणं तोडलं, पिवळं कार्ड. दोन झाली की त्या दिवशी फक्त ऐकायचं. कार्डं सर दाखवत नाहीत, एका मुलीकडे देऊन ठेवली आहेत. एके दिवशी पलीकडून जाहीरनामा आणि राज्यघटना एकाच वर्षीची असल्याचं माझ्या कानावर आलं. असं चुकीचं ज्ञान पार्टिशनमधून गळत असताना मी गप्प बसणार का? मी गेलो, दारात उभा राहिलो आणि दोन्हींमधली सगळी वर्षं, त्या वर्षांत काय काय झालं, कोण कोणावर रागावलं, सगळं सांगायला सुरुवात केली. जेमतेम रंगात आलो होतो, तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली आणि तिने मला पिवळं कार्ड दाखवलं. एका विद्यार्थिनीचं वाक्य मी मध्येच तोडलं होतं म्हणे. शिट्टीमास्तरांनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले. नियम सगळ्यांना सारखा, त्यांचाही इलाज नव्हता. सगळा वर्ग माझं काय करायचं या काळजीत पडला होता, आणि पहिल्या बाकावर तुझी भाची पेन्सिलीला टोक काढण्यात अतिशय गुंतलेली होती. मी परत आलो. माझ्या दहावीने टाळ्या वाजवल्या. त्या कोणासाठी होत्या हे मी विचारलं नाही.

शाळेतलं एक वेळ सोसलं असतं, पण हा माणूस माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. स्वतः नाही, पण तुझ्या भाचीच्या वाक्यागणिक. सर म्हणतात, कायदा म्हणजे आधी ठरवून घेतलेलं भांडण. सर म्हणतात, पंच चुकला तरी आधी ऐकायचं आणि मग अर्ज करायचा. मी हिच्या वयाच्या मुलांना अधिकार आणि कर्तव्यं शिकवून म्हातारा झालो, पण बाबा म्हणतात अशी सुरुवात असलेलं वाक्य या घरात शेवटचं कधी बोललं गेलं ते सांगता येणार नाही. तुझ्या भावजयीकडून तरी आधार मिळेल असं वाटलं होतं. ती पालकसभेला गेली, तिथे शिट्टीमास्तरांनी तिला मान मोकळी करायचा एक व्यायाम दाखवला, आणि आता ती रोज सकाळी खिडकीशी उभी राहून मान फिरवते आणि किती हलकं वाटतं म्हणते. तिची मान आखडली होती हे मला माहीतच नव्हतं. तिचं म्हणणं असं की तिने मला सांगितलं होतं. माझ्या पोटात दुखतं असं तुला वाटेल. दुखतंच, ताई. तुझ्यापासून काय लपवायचं.

मग जाहीर झालं की शिक्षणाधिकारी शाळांना भेटी देणार आणि नवीन विषय कसा चाललाय ते बघणार. शिट्टीमास्तरांनी ठरवलं की नववीने घटना लिहिणाऱ्या सभेचा शेवटचा दिवस करून दाखवायचा. चर्चा, मतदान, मग एकेकाने येऊन सही करायची. सगळ्यांना मोठमोठ्या नेत्यांची कामं हवी होती. एकच काम कोणाला नको होतं. आपल्या त्या सभेत एक म्हातारे सदस्य होते, ते अखेरपर्यंत विरोधात राहिले आणि सही न करता घरी गेले. पुस्तकात त्यांच्या वाट्याला अर्धी ओळ आहे. ते काम तुझ्या भाचीने मागून घेतलं आणि त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आली, बरं का. टेबलावरची पुस्तकं सरकवून बसली आणि म्हणाली, "बाबा, मला भाषण लिहून द्याल? सगळ्यांचं बरोबर चाललंय आणि आपल्याच मनाविरुद्ध होतंय, असं वाटणारा माणूस कसा बोलतो, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

मी हे कौतुक म्हणून घेतलं. अजूनही घेतोय. शिवाय माझ्या डोक्यात एक विचार चमकून गेला, आणि तो चांगला नव्हता. विरोधाचं भाषण जर असं काही झणझणीत झालं की बाकीच्यांची भाषणं त्यापुढे पाणचट वाटली, तर अधिकाऱ्यांना कळेल की या शाळेत जाणकार माणूस पार्टिशनच्या कुठल्या बाजूला बसतो. मी झपाटल्यासारखा लिहीत सुटलो. त्या म्हाताऱ्या सदस्यांबद्दल मिळेल ते सगळं वाचलं, आणि त्यांचं आणि माझं इतकं जमलं की त्यांचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं हे कळेनासं झालं. वर्षानुवर्षं पडेल ते काम करणाऱ्यांना डावलून आयत्या वेळी आलेल्यांच्या गळ्यात माळ, असं एक वाक्य होतं. मैदानावर घाम गाळणं निराळं आणि विचार करणं निराळं, असंही एक होतं. लेकीने भाषण शांतपणे वाचलं, लाल पेन घेतलं आणि एकेक वाक्य खोडत गेली. हे तुमचं आहे, त्यांचं नाही. हेही तुमचंच. हे तर सरांबद्दलच आहे. इतक्या लांबलचक भाषणातून तिच्या हाती दोन गोष्टी उरल्या. एक, हा कागद ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांना तो वाचता येत नाही. दुसरी, मला कोणी विचारलं का? हे दुसरं वाक्य माझं होतं, तरी तिने ठेवलं. म्हणाली, ते माझंपण आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत शिक्षणाधिकारी, शेजारी मुख्याध्यापिका बाई, मागे पालक. व्यासपीठावर सही करायचा मोठा कागद, त्यावर झाकण काढून ठेवलेलं पेन. पडद्यामागे संगीताच्या बाई सूर लावून बसलेल्या, शेवटची सही झाली की राष्ट्रगीत सुरू करायचं म्हणून. मी मुद्दाम बाजूला, खांबाला टेकून उभा होतो, लेखक उभे राहतात तसा. भाषणं झाली, चांगली झाली. मग तुझी भाची उभी राहिली. कागद नव्हता हातात. तिने आधी घटनेतलं एक कलम वाचलं, एका दमात वाचून होईना इतकं लांब, आणि सभागृहाला विचारलं, कोणाला कळलं असेल त्याने हात वर करावा. कोणीही केला नाही. (मी करणार होतो, पण खांदा.) मग तिने आपल्या वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाली, यात आमच्या शाळेबद्दल लिहिलंय, आमच्या वयाबद्दल लिहिलंय, आम्ही कधी मोठे व्हायचं तेही लिहिलंय. हे लिहिताना आमच्या वयाच्या एकाला तरी कोणी विचारलं का? आणि खाली बसली.

मतदान झालं. ताई, इथे घोटाळा काय ते नीट समजून घे. जगातल्या कोणत्याही शिक्षकाने अशा मतदानाचा निकाल आधी ठरवून ठेवला असता. मी तर कोणी हात कोणत्या उंचीवर धरायचा तेही बसवून घेतलं असतं. पण शिट्टीमास्तर पडले खेळाडू. निकाल ठरवून सामना खेळणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. त्यांनी मुलांना सांगून ठेवलं होतं की पटलं तर हात वर करा, नाही पटलं तर नका करू. सभेचा अध्यक्ष झालेल्या पोराने, दाढी सावरत, हात मोजले. पुन्हा मोजले. मग त्या बिचाऱ्याने घसा खाकरून जाहीर केलं की राज्यघटना नामंजूर झालेली आहे. पडद्यामागे संगीताच्या बाईंना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. ज्या देशाला घटना नाही त्याचं राष्ट्रगीत आम्ही अगदी शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं.

त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू? आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, आणि मी खांबाआडून शिट्टीमास्तरांचा निरोपसमारंभ बघत होतो. ते उठले, म्हणाले, "साहेब, मला वाटलं होतं पास होईल. पण मुलांनी वाचून पाडलं, तर निकाल मानला पाहिजे." अधिकारी म्हणाले की या महिन्यात जिथे गेलो तिथे घटना मंजूरच झाली, एका शाळेत तर दोनदा झाली, कारण पहिल्या वेळी माइक बंद होता. आणि आज पहिल्यांदा असा वर्ग भेटला की ज्याने ती मुळात वाचली आहे. ते व्यासपीठावर गेले आणि त्यांनी शिट्टीमास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मध्ये अधिकारी, एका बाजूला शिट्टीमास्तर आणि त्यांचे ते दात, दुसऱ्या बाजूला तुझी भाची. डाव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. कोटावरून ओळखशील. भाषण कोणी लिहिलं, हा प्रश्न एकालाही पडला नाही, आणि मी स्वतः होऊन सांगितलं असतं तर घटना पाडल्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. असा मी दोन्हीकडून मेलो.

त्यानंतरचा आठवडाभर नववी घटनेविना होती. दंगा होईल अशी सगळ्यांना भीती होती, पण उलटंच झालं. कशाला परवानगी आहे हे कोणालाच नक्की माहीत नसल्यामुळे तो वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. मग त्यांनी एकेक अवघड कलम घेऊन ते साध्या बोलीत लिहिलं, आणि शेवटी स्वतःचं एक नवीन कलम घातलं, की मुलांबद्दल काही ठरवायचं तर आधी मुलांना विचारावं. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. तुझ्या भाचीनेही केली. मी विचारलं, ते म्हातारे तर सही न करता गेले होते ना? तर म्हणाली, त्यांना कोणी बदलून दिलं नव्हतं.

त्या नवीन कलमाचा पहिला वापर माझ्यावर होतोय. मैदान बुजवून झालं आहे, खेळाचे तास परत सुरू होणार, तेव्हा पुढच्या वर्षी हा विषय कोणी शिकवायचा हा प्रश्न आला. अधिकाऱ्यांनी इतकं कौतुक केल्यावर बाईंना कलम नाकारता येईना. म्हणून येत्या शुक्रवारी नववीत मतदान आहे. उमेदवार दोन, शिट्टीमास्तर आणि मी. ताई, मला गंमत सुचते तेवढी लिहिली, पण हे गमतीचं नाही. जन्मभर मी हा एकच विषय मनापासून केला. वर्गातली मुलं पेंगत होती तेव्हाही केला. तो जर त्यांनी मतं देऊन दुसऱ्याला दिला, आणि त्या मतांत माझ्या लेकीचं मत असलं, तर मला सोमवारी त्या पार्टिशनशेजारी जाऊन बसवणार नाही.

असो. तुझ्या गुडघ्याला जप. वरची पायरी टाळता येत असेल तर टाळ. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची घाई नाही, पण गुरुवारपर्यंत आलं तर बरं.

तुझा,
धाकटा

ता. क. : दाजी त्या मोठ्या क्रीडा केंद्राच्या समितीवर आहेत ना? तिथे प्रशिक्षक हवा आहे असं मागे तू लिहिलं होतंस, राहायला घरही देतात. आमच्याकडे एक अतिशय गुणी माणूस आहे. उंच, सडपातळ, दात उत्तम. त्याच्या भल्यासाठीच सांगतोय. बोलावणं शुक्रवारच्या आत आलं तर त्याला आवराआवरीला वेळ मिळेल.

ता. क. दुसरा : वरचं वाचून तुझा गैरसमज होईल म्हणून लिहितो, मी कोत्या मनाचा नाही. फक्त एक कर. भाचीला फोन कर, ती तुझ्याशी मोकळेपणाने बोलते. कोणाला मत देणार हे सहज विचार. मी विचारायला सांगितलं असं म्हणू नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी न राहवून मीच विचारलं. ती म्हणाली, "बाबा, गुप्त मतदान आहे. ते का गुप्त असतं, माहितीये ना? घरात ज्याच्याबरोबर जेवायचं, त्याच्या तोंडाकडे बघून मत देऊ नये म्हणून." मला इतका राग आला. म्हटलं, हेही तुझे सरच म्हणतात का? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "सर कुठले? हे तुम्ही सांगितलं होतं. आठवीत असताना, वर्गात. तेव्हा तुम्ही टिपण देत नव्हतात, नुसतं बोलत होतात." कधी बोललो, मला आठवत नाही. तिने एकटीने ऐकलं असावं. तेव्हा आता फोन करू नकोस. शुक्रवारी काय व्हायचं ते होऊ दे. दाजींशी मात्र बोलून ठेव.